कोणत्या पावसाचं पाणी

मधुकररावांच्या घरी पाण्याची कंपनी पाहायची ठरली, तेव्हा त्यांनी ती मुलीसाठी नवरा पाहतात तशी पाहिली. यात त्यांची काही चूक नव्हती. तीन मुली उजवलेल्या माणसाला निवड करायची दुसरी रीत ठाऊक असेलच कशी? ओसरीवर सतरंजी टाकली, चार जाणती माणसं बोलावली, पोहे केले. जाणत्यांत मीही होतो, कारण माझं घर समोरच आहे आणि पोह्यांचा वास मला घरबसल्या येतो.

हे सगळं चाललं होतं गुंजनसाठी. गुंजन म्हणजे मधुकररावांची नात, यंदा दुसरीत जाणारी. तिचे आईबाप नागपुरात राहत. तिची आई टीना, म्हणजे मधुकररावांची सून, हिला मोहाडीच्या एका शाळेत नोकरी लागली. मुलगा मनिषचं काम लॅपटॉपवरचं, म्हणजे जिथं खाट टाकाल तिथं होणारं. तिघांनी करडी गावाच्या पुढं असलेल्या आमच्या गावी येऊन राहावं असं घाटत होतं. ललिताबाईंनी, म्हणजे गुंजनच्या आजीनं, मधल्या खोलीला गुलाबी रंगसुद्धा मारून घेतला. पण टीना दिवाळीला आली असताना तिनं गावातल्या पोरांचे दात पाहिले होते. दातांवर तपकिरी पट्टे. आम्हाला वाटायचं, पोट्टे दात घासत नाहीत. टीना म्हणाली, हे बोअरच्या पाण्यानं होतं.

"बाबा, आम्ही येतो," तिनं फोनवर सांगितलं, "पण गुंजनला मी बोअरचं पाणी देणार नाही. शाळा सुरू व्हायच्या आधी पाण्याचं काही चांगलं करा. नाही तर मग आम्ही मोहाडीतच खोली करू."

सून रागावली असती तर मधुकररावांना उत्तर सुचलं असतं. ती गोड आवाजात बोलली, त्यामुळं इलाज राहिला नाही.

पहिला आला तो योगेंद्र नावाचा पोरगा. मे महिन्यात टाय लावून आला, इथंच निम्मी ओसरी जिंकली. कंपनीचं नाव इंग्रजीत होतं आणि त्यात दोनदा 'प्युअर' होतं. त्यानं आधी आपल्या कंपनीच्या पाण्याची बाटली ललिताबाईंच्या हातात दिली आणि सगळ्यांना चाखायला द्यायला सांगितली. ललिताबाई ती घेऊन आत गेल्या आणि पेले भरून आणले. आम्ही प्यालो. पाण्यासारखंच होतं.

मग त्यानं पिशवीतून एक यंत्र काढलं. त्याला दोन-दोन लोखंडी कांड्या होत्या. एक जोडी त्यानं बोअरच्या पाण्यात बुडवली, दुसरी कंपनीच्या पाण्यात, आणि बटण दाबलं.

बोअरचं पाणी आधी पिवळं झालं. मग हिरवट. मग त्याच्यावर काळा, शेवाळासारखा फेस आला आणि पेला असा दिसायला लागला, जसा बैल धुतल्यावर तलावाचा काठ दिसतो. श्यामराव गावातले सगळ्यात वयस्कर, ते स्वतःच्या पोटाकडं पाहत म्हणाले, "म्हंजे एवढं सारं माह्यात आहे?"

"सत्तर वर्षांचं, काका," योगेंद्र हळहळून म्हणाला.

"मंग मी एवढा काळा काहून नाई झालो?"

याचं उत्तर द्यायला योगेंद्रनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. कारण तेवढ्यात त्याच्या कंपनीचं पाणी पिवळं झालं होतं. मग हिरवट. मग त्याला असा फेस आला की बोअरचा पेला त्याच्यापुढं गंगाजळ वाटावा.

"वा!" श्यामराव म्हणाले. "यायचं पाणी त जास्त घाण काढते!"

ललिताबाई पदराशी चाळा करत दारात उभ्या होत्या. "फिकं लागून राहिलं होतं बाप्पा," त्या म्हणाल्या. "पाहुण्यायचं पाणी, म्हटलं अशी कशी चव. चिमूटभर मीठ टाकलं त्या बाटलीत."

तेव्हा आम्हाला कळलं की त्या कांड्यांचा राग घाणीवर नसून मिठावर असतो. योगेंद्रनं पोहे अर्धे ठेवले. मधुकररावांनी त्याला फाटकापर्यंत सोडलं आणि परत येऊन निकाल दिला, "पोरगं चांगलं आहे. घराणं बरोबर नाई."

दुसरे आले ते नागपूरहून, गाडी घेऊन. भारदस्त गृहस्थ, पोट पुढं, शब्द हळू. त्यांच्या यंत्रात पाणी सात वेळा गाळलं जात होतं. एकेक टप्पा त्यांनी बोट मोडून सांगितला. सातव्या टप्प्याला मला आपण पाणी पितो याचीच लाज वाटायला लागली. सगळे माना डोलावत होते. फक्त मधुकरराव यंत्राच्या मागच्या बाजूला वाकून पाहत होते. तिथून एक बारीक पांढरी नळी निघाली होती.

"हे काय होय, सायेब?"

"वेस्ट पाइप. एक गंजभर शुद्ध पाणी मिळालं की दोन-तीन गंज भरून बाहेर जातं."

"बाहेर म्हंजे कुठं?"

"नालीत."

"नाली कुठं जाते?"

गृहस्थांनी ओसरीबाहेर हात केला. "अशी... बाहेर."

"बाहेर जागेश्वर रायते," मधुकरराव म्हणाले.

इथं मला जरा थांबून धानाच्या बांध्यांबद्दल सांगावं लागेल, नाही तर वाचक म्हणेल हा म्हातारा नळीला काहून धरून बसला. आमच्याकडं धानाच्या बांध्या एकीखाली एक असतात. तलावाचं पाणी वरच्या बांधीत येतं, ती भरली की धुरा, म्हणजे बांध, थोडा फोडून खालच्या बांधीत सोडतात. पण सोडण्याआधी खालच्या माणसाला हाक मारायची. "पाणी सोडून राहिलो हो!" खालून "येऊ द्या!" असा आवाज आल्याशिवाय फावडं लावायचं नाही. त्याचं खत वाहून जाईल, त्याचे परे, म्हणजे रोपं, उपटून येतील, काहीही होऊ शकतं. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, म्हणून आजवर मोडलेला नाही.

मधुकररावांच्या खाली जागेश्वरची बांधी. घरही तसंच, उतारावर, कुंपणापलीकडं. आणि दोघांचा दहा-बारा वर्षांपासून अबोला. कडक अबोला. लग्नात समोरासमोर पंगतीला बसले तरी एक वरणाकडं पाहायचा, दुसरा भाताकडं. पण पावसाळ्यात मधुकरराव धुऱ्यावर उभे राहून हाक मारत आणि जागेश्वर खालून "येऊ द्या!" म्हणे. अबोला माणसाशी होता, पाण्याचा त्यात काही दोष नव्हता. त्यांच्या बायकांनाही अबोल्यात धरलेलं नव्हतं. ललिताबाई आणि शकुंतलाबाई कुंपणावरून भाजीची वाटी रोज इकडची तिकडं करत.

तर सातव्या टप्प्याचे गृहस्थ मधुकररावांना समजावत होते की नालीतलं पाणी हे पाणी नसतं. मधुकरराव ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मशीन झकास आहे. पण खालच्या माणसाले इचारल्याशिवाय मी सोडणार नाई. अन त्याले इचारू शकत नाई."

गाडी धूळ उडवत गेली. ललिताबाई गुलाबी खोलीचं दार ओढून घेत म्हणाल्या, "आता काय सुनेले तुमचा धुरा दाखवू?"

जूनची दहा तारीख उजाडली, तेव्हा रिता आली. भंडाऱ्याची कंपनी. कंपनीत ती, तिचा भाऊ आणि एक स्कुटी. केमिस्ट्री शिकलेली, तिशीतली बाई, आल्या आल्या पोह्यांआधी बाटल्या मागितल्या. बोअरच्या पाण्याची एक भरली. मग तिचं लक्ष कुंपणाकडं गेलं. मधुकरराव आणि जागेश्वर यांच्या हद्दीवर एक जुनी विहीर आहे, दोघांच्या निम्म्या हिश्शाची. तिच्यावर पत्र्याच्या टिना टाकलेल्या, टिनांवर बोराटीच्या काट्या.

"ही का बंद आहे?"

श्यामराव छपराकडं पाहायला लागले. रितानं टिनांच्या फटीतून दोरीला बांधून बाटली सोडली, ती भरून घेतली आणि गेली.

आठवडाभरानं ती परत आली. ओसरी भरली. तिच्याजवळ ना कांड्या होत्या ना सात टप्पे. ती सरळ म्हणाली, "काका, बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. दातांवरचे पट्टे त्याचेच. मोठ्यांची पुढं हाडं धरतात."

"पण ते येते कुठून?" मधुकररावांनी विचारलं. "आमी त काही टाकलं नाई."

"खडकातून. पाणी मुळात पावसाचंच आहे."

"कोणत्या सालच्या पावसाचं?" शेतकऱ्यासमोर पाऊस म्हटला की साल सांगावं लागतं.

"तेच सांगता येत नाही ना." रिता पाटावर पुढं सरकली. "वरच्या मातीतलं पाणी दर वर्षी येतं आणि जातं. तुमचा बोअर खाली कठीण खडकात गेला आहे. तिथल्या भेगांमध्ये पाणी एकदा उतरलं की बसून राहतं. शंभर वर्षं. हजार वर्षं. काही ठिकाणी त्याहून जुनं सापडलेलं आहे. तुमचं नेमकं किती जुनं, त्याची तपासणी वेगळी असते, ती मी केलेली नाही. पण पाणी जितकं जास्त बसतं, तितका खडक त्याच्यात विरघळतो. तुमच्यात पुष्कळ विरघळलाय."

ओसरीवर एकदम असं झालं, जसं गाभाऱ्यात गेल्यावर होतं. श्यामरावांनी हळू आवाजात विचारलं, "पवनीले ते जमिनीतून दोन हजार वर्षायच्या जुन्या स्तूपाच्या विटा निघाल्या. त्या विटा भाजल्या, तवाचा पाऊस?"

"असू शकतो, काका. त्याच्याही आधीचा."

अंगणात बोअरचा नळ होता. तो टपकायचा. वर्षानुवर्षं टपकायचा, खाली बकेट ठेवलेली असायची आणि त्या टप्‌ टप्‌ आवाजाकडं आमच्यापैकी कुणीही कधी कान दिलेला नव्हता. आता सगळ्यांना तेवढंच ऐकू यायला लागलं. एक थेंब नळाच्या तोंडाशी जमला, फुगला, लोंबला. तो कोणत्या ढगातून आला असेल, तेव्हा इथं गाव होतं की नुसतं जंगल, तो पडला तेव्हा कुणाच्या अंगावर काटा आला असेल, हे मला एरवी सुचत नाही. थेंब पडला. मधुकरराव उठले, अंगणात गेले आणि नळ घट्ट पिळून बंद केला. परत येऊन बसले.

शांतता मोडली ती ललिताबाईंनी. आमच्याकडं बायका सकाळी उठल्या की गुंडातलं, म्हणजे पितळी घागरीतलं, काल रातचं पाणी ओतून देतात. रात्र उलटलेलं पाणी शिळं. ललिताबाई तर या बाबतीत इतक्या कडक, की तान्ह्या पोरालाही शिळा घोट दिला नसेल.

"म्हंजे," त्या म्हणाल्या, "मी रोज सकाळी कालचं पाणी शिळं म्हणून फेकत होती..."

"हो," रिता म्हणाली.

"अन त्याच्यात हजार वर्षायचं भरत होती?"

कुणाला हसावं की हात जोडावेत कळेना. ललिताबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. "साऱ्या गावाले पाजलं वो माय! पाहुण्यायले पाजलं!"

रितानं त्यांना सावरू दिलं, मग म्हणाली, "मोठं मशीन लावता येईल. ते तुम्हाला चांगलं पाणी काढून देईल आणि उरलेल्या पाण्यात सगळा खडक अजून घट्ट करून बाहेर सोडेल. म्हणून मला आधी सांगा, तुमची नाली कुणाकडं जाते?"

मधुकररावांनी आमच्याकडं पाहिलं. पोरीला पाहायला आलेल्या मुलानं न सांगता उठून म्हाताऱ्यांच्या पाया पडावं, तेव्हा बाप पाहतो ना, तसं. घराणं पसंत पडलं होतं.

"जागेश्वरकडे जाते," ते म्हणाले.

"त्यांच्याकडं गुरं आहेत?"

"दोन गाई. परसात भेंडी, वांगे. नालीवरच."

"मग मोठं मशीन नको. विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड नावाला आहे. ते वरचं पाणी आहे, तुमच्या गावतलावातून झिरपून येतं. फक्त घाण आहे, बेडकं आहेत. उपसून साफ करा, मी जंतू मारायचं छोटं यंत्र बसवून देते. त्यातून काही फेकावं लागत नाही." मग प्रामाणिकपणे म्हणाली, "त्यात आमचं कमी सुटतं. पण मोठं मशीन स्कुटीवर बसतही नाही."

सगळं जुळलं होतं. आणि इथंच सगळं अडलं. कारण विहिरीवरच्या टिना जागेश्वरच्या होत्या.

"मंग झालं," श्यामराव उठत म्हणाले. "मोहाडीले खोली पाहा."

संध्याकाळी मधुकरराव माझ्या ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ त्यांनी सुपारीही कातरली नाही. मला माहीत होतं ते कुठं पोचले असणार. अबोला सुरू झाला तो बोअर मारला त्या दिवशी. गाडी आली, दिवसभर घरघर झाली, गावाच्या डोळ्यांत धूळ गेली, पाणी लागलं, नारळ फुटला. जागेश्वर कुंपणाशी येऊन एकच वाक्य बोलला होता, "हाक काहून नाई मारली?" आणि मधुकरराव म्हणाले होते, "सोडताना हाक मारतेत. काढताना कायची हाक?" दुसऱ्या दिवशी विहिरीवर टिना आल्या.

"मले वाटे, माह्या जागेखालचं पाणी, माहंच," मधुकरराव आता म्हणाले. "ते त कोणाचंच नाई निघालं. माहं नाई, त्याचं नाई, गावाचंबी नाई. हाक मारायचीच होती त कोणाले मारली असती, सांग? त्या इटा भाजणाऱ्याले?"

"तो पवनीचा," मी म्हटलं. "त्याले आयकू नसतं गेलं. जागेश्वर इथंच होता."

जाताना मात्र त्यांनी सुपारी कातरली.

सकाळी मी दात घासत अंगणात उभा होतो. मधुकरराव कुंपणाशी जाऊन उभे राहिले. पलीकडं जागेश्वर खाटेची नवार ताणत बसला होता, दोघांत अंतर असेल चार हातांचं. मधुकररावांनी तोंडाभोवती तळवे धरले, बांधीवर धरतात तसे, आणि पूर्ण छातीनं ओरडले,

"पाणी घेऊन राहिलो होऽऽ!"

पिंपळावरचे बगळे उडाले. शकुंतलाबाईंच्या हातातून शेण पडलं. अशी हाक आमच्या गावात कुणी ऐकली नव्हती. पाणी सोडल्याची हाक असते. घेतल्याची नसते.

जागेश्वरचा हात नवारीवर थांबला. वर न पाहता त्यानं तितक्याच जोरात विचारलं, "कुठूऽऽन?"

माझ्या तोंडातली काडी तशीच राहिली. 'येऊ द्या'शिवाय दुसरा शब्द. इतक्या वर्षांत.

"इहिरीतूऽऽन!"

"अन बोअरमधूऽऽन?"

मधुकररावांचे तळवे थोडे खाली आले, पुन्हा वर गेले. "तेबीऽऽ! त्याची हाक राहूऽऽन गेली होती!"

खाटेची नवार जागेश्वरनं एकदा कसली, दुसऱ्यांदा कसली. ललिताबाई दारात उभ्या होत्या. गुलाबी खोलीचा तुकडा त्यांच्यामागं दिसत होता.

"घ्याऽऽ!" जागेश्वर म्हणाला. मग उठला आणि विळ्यानं बोराटीच्या काट्या ओढायला लागला.

विहीर उपसायला अख्खं गाव आलं. पंप लावला, गाळ काढला. गाळात बेडकं निघाली, एक पितळी लोटा निघाला, शकुंतलाबाईंनी तो ओळखून हिसकावून घेतला. जागेश्वर आत उतरला, कारण विहिरीत पाय टेकायचे दोन टप्पे त्याला माहीत होते, आणि मधुकररावांनी दोरी धरली. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. "वर!" "खाली!" एवढंच. ते विहिरीचं बोलणं होतं.

तळ लागला. पिवळा मुरूम. जागेश्वरनं फावडं टेकलं आणि म्हणाला, "चूप राहा." आम्ही सगळे काठावरून वाकलो. आधी काही नव्हतं. मग मुरमातला एक खडा हलला. दुसरा हलला. एका कोपऱ्यातून पाण्याची बारीक शीर उठली, बोटाएवढी, आणि आपल्याच जागी फिरायला लागली. मग दुसऱ्या बाजूनं. मग जागेश्वरच्या पायाखालूनच, आणि तो एवढा मोठा माणूस दचकून बाजूला झाला, झोपेतून उठणाऱ्याला आपण वाट देतो तसा. तलाव तिकडं गावाच्या टोकाला, मे महिन्यात आटून कंबरेएवढा उरलेला, आणि त्याचं पाणी इतकी वर्षं टिनांखाली, काट्यांखाली, कुणी मागत नसताना इथं येत होतं. त्याला अबोल्याचं कुणी सांगितलेलं नव्हतं. काठावर पन्नास माणसं होती. श्यामरावांनी टोपी काढली, मग काहून काढली हे न कळून पुन्हा घातली.

रितानं यंत्र बसवलं. स्कुटीवर बसेल एवढंच होतं. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी टीना, मनिष आणि गुंजन आले. टीनानं पाण्याचा पेला उजेडासमोर धरून पाहिला, स्वतः प्याली, मग गुंजनला दिला. गुंजननं पूर्ण पिऊन दुसरा मागितला. ललिताबाई आत जाऊन उगाच डाळ निवडायला बसल्या. डाळ आता विहिरीच्या पाण्यात एका उकळीत शिजते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीना घाबरून बाहेर आली. अंगणात दोन म्हातारे एकमेकांवर ओरडत होते.

"भांडण नाई वो," ललिताबाई म्हणाल्या. "पाणी भरून राहिले."

अबोला अजून आहे. तो मोडला असं दोघांपैकी कुणी जाहीर केलेलं नाही. रोज सकाळी जो पाणी भरेल त्याची एक हाक, दुसऱ्याचं एक उत्तर.

बोअर आता धुण्याभांड्याला आहे. नळ कुणी उघडा ठेवत नाही. कपडे धुवायला आलेली सोयरी बाईसुद्धा पिळून बंद करते आणि क्षणभर त्याच्याकडं पाहते. गुंजनला आजोबांनी सगळं सांगितलं आहे. परवा मी पाहिलं, ती नळाखाली तळहात धरून उभी होती. नळ बंद होता, तरी ती थांबली. कितीतरी वेळानं एक थेंब जमला, लोंबला, तिच्या हातावर पडला.

"आला," ती म्हणाली. कुणी लांबून चालत आलेलं असावं तशी.

तिनं तो प्यायला नाही, टीनाचा हुकूम आहे. फ्रॉकला पुसला आणि विहिरीकडं पळाली, कारण पलीकडून जागेश्वरची हाक आली होती आणि आजोबा अजून आत दात घासत होते.

"घ्याऽऽ!" तिनंच उत्तर दिलं.